शंभर फुटी रोडवरचा न्यूक्लियर फिजिक्सचा क्लास, सांगली: करून आले, रिव्ह्यू लिहिते

तासगाव, विटा, जतकडच्या बऱ्याच जणी विचारतायत की सांगलीत ते रिटायर्ड सर न्यूक्लियर फिजिक्सचा शनिवार-रविवार क्लास घेतात तो कसा आहे, सेटला (कॉलेजात प्राध्यापक व्हायला लागते ती राज्याची पात्रता परीक्षा) उपयोग होतो का, फी वसूल होते का. प्रत्येकीला वेगळं टाइप करायचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच लिहून टाकते. पाचपैकी चार स्टार. क्लासचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, सरांना जाहिरात आवडत नाही आणि बोर्डसुद्धा लावलेला नाहीये त्यांनी, शंभर फुटीच्या आतल्या गल्लीत तिसरा मजला एवढंच सांगते, ज्यांना जायचंय त्यांना विश्रामबागेत कुठल्याही फिजिक्सवाल्याला विचारलं तरी कळेल.

मी स्वतः ज्युनियर कॉलेजला शिकवते, सेट द्यायचीये, एमएस्सीला न्यूक्लियर होतं पण ते कसं होतं तुम्हाला माहितीये, लिक्विड ड्रॉप मॉडेलची पाच टर्म पाठ, मॅजिक नंबर (प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन एवढे असले की न्यूक्लियस जास्त दणकट) २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ पाठ, आणि त्रिज्या म्हणजे १.२ गुणिले ए चं घनमूळ फर्मी (ए म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनची एकूण संख्या, फर्मी म्हणजे मीटरचा दहा लाख अब्जावा भाग), विषय संपला. गाइडमध्ये पण तेच. हा क्लास तिथून सुरू होतो, म्हणजे सरांनी पहिल्याच तासाला तो फॉर्म्युला फळ्यावर लिहिला आणि विचारलं, "हे कुणी मोजलं? कशानं मोजलं?" वर्ग गप्प. मग रदरफोर्ड, गायगर, मार्सडेन, सोन्याचा पत्रा, १९११, ते झालं पटकन (ते सगळ्यांना येतंच), पण हॉफस्टॅटरवर ते थांबले. स्टॅनफर्डला इलेक्ट्रॉन मारून न्यूक्लियसमधला चार्ज कसा पसरलाय ते बघितलं त्या माणसानं, १९६१ चं नोबेल. सरांचं म्हणणं असं की इलेक्ट्रॉनला स्ट्राँग फोर्स (न्यूक्लियसला बांधून ठेवणारं बल) कळतच नाही, त्याला फक्त चार्ज दिसतो म्हणजे जवळजवळ फक्त प्रोटॉन, मग न्यूट्रॉन कुठंपर्यंत पसरलेत हे तुम्हाला कुणी सांगितलं? आणि तुम्ही मात्र सगळ्या न्यूक्लियसला तोच फॉर्म्युला लावून मोकळे. खरं सांगायचं तर एमएस्सीच्या दोन वर्षांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता.

आता मुख्य माल. क्लासचा अर्धा वेळ लिथियम-११ वर (३ प्रोटॉन, ८ न्यूट्रॉन, मिळून ११) जातो, आणि माझ्या मते पैसे त्याचेच आहेत. सर उत्तर सांगत नाहीत, आकडे देतात आणि कॅल्क्युलेटर काढायला लावतात. १९८५ साली तानिहाता आणि त्यांच्या टीमनं अमेरिकेत बर्कलेच्या बेव्हालॅक अॅक्सिलरेटरवर लिथियमचे आयसोटोप दर न्यूक्लिऑनमागे (म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) ७९० एमईव्ही एनर्जीनं कार्बनवर मारले. मोजायचं काय तर टारगेटमध्ये किती गेले आणि त्यातले किती तसेच्या तसे बाहेर आले, बस. जे तसे आले नाहीत ते आपटले, त्यावरून इंटरॅक्शन क्रॉस सेक्शन, म्हणजे धडकेसाठी न्यूक्लियस केवढं क्षेत्रफळ अडवतो ते. लिथियम-९ चा आला ७९६ मिलिबार्न, लिथियम-११ चा साधारण १०४०. आता दहा मिलिबार्न म्हणजे एक चौरस फर्मी. क्रॉस सेक्शन म्हणजे पाय (π) गुणिले दोन्ही त्रिज्यांच्या बेरजेचा वर्ग असं धरायचं, कार्बनची त्रिज्या २.६१ घ्यायची, आणि करा. ७९.६ भागिले पाय, वर्गमूळ ५.०३, वजा २.६१, उरले २.४२ च्या आसपास. लिथियम-११ ला १०४ भागिले पाय, वर्गमूळ ५.७५, वजा २.६१, उरले ३.१४. (एका मुलानं लगेच "सर पाय आला!" केलं, योगायोग आहे बाबा, बस खाली.) आता पाठ असलेल्या फॉर्म्युल्यानं ९ वरून ११ ला जाताना त्रिज्या वाढायला पाहिजे सात टक्के. इथं वाढली तीस टक्के. दोन न्यूट्रॉन वाढले फक्त!

हे मी वाचलं असतं तर "हो का, बरं" म्हणून पान उलटलं असतं. स्वतःच्या वहीत आल्यावर वेगळंच वाटतं, शेजारची मुलगी परत परत गणित तपासत होती कुठं चुकलं म्हणून.

सरांनी मग ते समजावून सांगितलं आपल्या भाषेत, की गणपतीच्या मिरवणुकीत मंडळाचा ट्रॅक्टर असतो केवढा, पण पुढंमागं पोरं नाचत असतात म्हणून अख्खा रस्ता अडतो, तर समोरून येणाऱ्याला ट्रॅक्टरची साइज मोजून उपयोग नाही, अडलेला रस्ता किती ते मोजायला लागतं. ट्रॅक्टर म्हणजे लिथियम-९ आणि नाचणारे दोन न्यूट्रॉन. मला आवडलं, फक्त पोरं ट्रॅक्टरला बांधलेली नसतात आणि हे न्यूट्रॉन बांधलेले आहेत, अगदी कच्च्या दोरीनं का होईना. ती दोरी किती कच्ची त्याचाही आकडा आहे, दोन्ही न्यूट्रॉन सोडवायला मिळून फक्त ०.३७ एमईव्ही लागते, एरवी एक न्यूट्रॉन काढायला आठ-एक एमईव्ही लागते. यालाच हॅन्सन आणि यॉन्सन यांनी १९८७ मध्ये हेलो (म्हणजे भोवतालचं प्रभामंडळ) असं नाव दिलं. आणि गंमत म्हणजे लिथियम-१० असा बांधलेला न्यूक्लियसच नाही, नुसते दोन न्यूट्रॉन पण एकमेकांना धरून राहत नाहीत, तिघं एकत्र असतील तरच टिकतं. बोरोमियन म्हणतात त्याला, इटलीतल्या बोरोमिओ घराण्याच्या चिन्हात तीन अडकलेल्या रिंगा आहेत त्यावरून, एक काढली की बाकीच्या दोन सुट्या.

पण नुसता क्रॉस सेक्शन मोठा आला म्हणून हेलो हे मानायचं का, कदाचित न्यूक्लियसचा आकारच लांबुळका असेल, हा प्रश्न मिरजेच्या एकीनं विचारला आणि सर जाम खूश झाले. त्याचं उत्तर पुढच्या तासाला, आणि तो तास सगळ्यात भारी. लिथियम-११ फोडायचा आणि उरलेल्या लिथियम-९ चं आडवं मोमेंटम किती पसरलंय ते बघायचं. कोबायाशी आणि मंडळींनी १९८८ मध्ये हे केलं आणि पसारा फार अरुंद निघाला. आता अनसर्टन्टी प्रिन्सिपल लावा, मोमेंटम अरुंद म्हणजे जागेत पसारा मोठा. म्हणजे तेच न्यूट्रॉन लांबवर फिरतायत. वर परत २००६ ला कॅनडातल्या ट्रायम्फ लॅबमध्ये लेसरनं चार्ज रेडियस काढला, लिथियम-९ चा २.२२ आणि लिथियम-११ चा २.४७ फर्मीच्या आसपास, म्हणजे चार्ज थोडासाच फुगला, बाकी सगळा फुगवटा न्यूट्रॉनचा. तीन वेगळ्या पद्धती आणि तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. हे असं रचून शिकवलेलं मी आमच्या भागात तरी बघितलं नव्हतं.

बेरिलियम-११ पण घेतात. तो एका न्यूट्रॉनचा हेलो, सेपरेशन एनर्जी (तो न्यूट्रॉन सोडवायला लागणारी) ०.५ एमईव्ही. इथं वेव्ह फंक्शनची शेपटी किती लांब जाते ते काढायला लावलं, उत्तर साधारण पावणेसात फर्मी, तेच ८ एमईव्हीनं बांधलेला असता तर १.७ फर्मी. आणि शेल मॉडेलनं (प्रोटॉन-न्यूट्रॉन ठरलेल्या कप्प्यांत बसतात असं धरणारं) सातवा न्यूट्रॉन पी-हाफ कप्प्यामध्ये बसायला पाहिजे तर प्रत्यक्षात तो एस-हाफमध्ये बसलाय, त्यामुळे ग्राउंड स्टेटची पॅरिटीच (सगळ्या दिशा उलट्या केल्या तर वेव्ह फंक्शनचं चिन्ह बदलतं का ते) उलटी. सेटवाल्यांनो हे लिहून ठेवा, स्पिन-पॅरिटीचे प्रश्न येतात आणि आपण सगळे चार्ट बघून ठोकतो. एस आणि पी मध्येच हेलो का होतो तर अँग्युलर मोमेंटम जास्त असेल तर सेंट्रिफ्यूगल बॅरियर न्यूट्रॉनला बाहेर पसरू देत नाही, हे एका वाक्यात सांगून पुढे गेले, इथं अजून थोडं थांबायला हवं होतं.

एक संवाद लिहिते कारण वर्ग कसा चालतो ते त्यावरून कळेल. कुपवाडच्या एका मुलानं विचारलं, "सर, लिथियम-११ पावणेनऊ मिलिसेकंदात अर्धा संपतो म्हणता, मग त्याचं टारगेट बनवणार कधी?"

"कोण म्हणालं टारगेट बनवायचं? त्यालाच बीम कर."

"मग मारायचं कशावर?"

"हायड्रोजनवर. प्रोटॉन उभा राहील, न्यूक्लियस येऊन धडकेल. रिलेटिव्हली काय फरक पडतोय का? सांग बघू."

झालं, इन्व्हर्स कायनेमॅटिक्स शिकवून झालं. मग जर्मनीच्या जीएसआय लॅबचं उदाहरण दिलं, तिथं हायड्रोजन गॅस भरलेला चेंबर वापरला, तोच टारगेट आणि तोच डिटेक्टर, हेलियम-६, हेलियम-८ आणि लिथियम-११ साधारण ७०० एमईव्ही दर न्यूक्लिऑननं त्यात सोडले आणि अगदी कमी मोमेंटम ट्रान्सफरला इलास्टिक स्कॅटरिंग मोजलं. त्या वक्राच्या उतारावरून आतलं मॅटर कसं पसरलंय ते निघतं, गाभा किती, हेलो किती. इथं ग्लाउबर मॉडेल येतं, म्हणजे मोजलेल्या स्कॅटरिंगवरून आतली मांडणी काढायचं गणित. आणि इथंच माझा एक स्टार कापला गेला.

कारण ग्लाउबर मॉडेल सरांनी अर्ध्या तासात उरकलं. ऑप्टिकल मॉडेल तर त्याहून फास्ट, इमॅजिनरी पोटेन्शियल म्हणजे फ्लक्स कमी होणे, कळलं ना, पुढे. नाही कळलं सर! ज्यांनी पार्शल वेव्ह ॲनालिसिस नीट केलेलं नाही (म्हणजे आमच्यातले बहुतेक) ते तिथं पार हरवले. सरांची ही सवय आहे, एक्सपेरिमेंटवर जीव टाकतात, डेरिव्हेशनवर कंटाळतात. त्यांनी म्हणे नोकरीच्या काळात मुंबईच्या पेलेट्रॉन अॅक्सिलरेटरवर काम केलंय, त्यामुळे बीम, व्हॅक्यूम, डिटेक्टर, रात्रपाळी यावर बोलायला लागले की घड्याळ बघत नाहीत. ऐकायला छान वाटतं पण रविवारी शेवटची एसटी गाठायची असते हो आम्हाला.

नोट्स हाताने लिहिलेल्या आणि त्याची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची परत झेरॉक्स, काही पानांवर इंडेक्स दिसतच नाहीत, सिग्मा आहे का सहा आहे कळत नाही. एमसीक्यू सराव अजिबात नाही. तुम्हाला फक्त मार्क पाहिजे असतील, महिन्यावर परीक्षा आली असेल, तर सरळ सांगते, इथं जाऊ नका, जुने पेपर सोडवा. अभ्यासक्रमात न्यूक्लियर साइज, शेप, चार्ज डिस्ट्रिब्युशन, शेल मॉडेल, डायरेक्ट रिअॅक्शन एवढं आहे, त्यातलं साइज आणि डायरेक्ट रिअॅक्शन इथं झकास होतं, बाकी तुमचं तुम्ही. बीटा डिके, फिशन सर शिवतच नाहीत. हे प्रवेश घेताना कुणी सांगत नाही, सांगायला पाहिजे.

खोलीबद्दल: वर पत्रा आहे. शनिवारी दुपारी दोनची वेळ आणि एप्रिलची सांगली, पुढचं बोलायला नको. पंखे दोन, त्यातला एक आवाजच जास्त करतो. खिडकीजवळची जागा धरा. लाइट गेली की प्रोजेक्टर बंद, पण फळा चालू राहतो आणि मला तरी तेच बरं वाटलं. चहा खालच्या टपरीवर मिळतो, ठीकठाक, भडंग मात्र येताना घेऊन या, दुपारच्या ब्रेकला सगळे तेच खातात.

शेवटच्या भागात अलीकडचं काम येतं आणि तो भाग मला वाटलं त्यापेक्षा चांगला निघाला. ऑक्सिजन-२८ घेतला. ८ प्रोटॉन, २० न्यूट्रॉन, दोन्ही मॅजिक, म्हणजे पुस्तकाप्रमाणे एकदम दणकट पाहिजे. २०२३ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत तो पहिल्यांदा बघितला. फ्लोरिन-२९ चा बीम लिक्विड हायड्रोजनवर, एक प्रोटॉन उडवायचा, की उरला ऑक्सिजन-२८. तो टिकतच नाही, ऑक्सिजन-२४ आणि चार न्यूट्रॉन होऊन फुटतो, आणि ते चारच्या चार न्यूट्रॉन एकाच वेळी पकडायचे! सर म्हणाले एक न्यूट्रॉन पकडायलाच घाम फुटतो, त्याला चार्ज नसतो, तो डिटेक्टरमध्ये काही केल्याशिवाय निघून पण जातो, आणि एकच न्यूट्रॉन दोन ठिकाणी आपटून दोन असल्याचं नाटक करतो ते वेगळंच. तर २० हा आकडा तिथं मॅजिक राहिलेला दिसत नाही. ऑक्सिजनमध्ये बांधलेला शेवटचा आयसोटोप २४, तिथं १६ न्यूट्रॉनलाच शेल बंद झाल्यासारखं वागतं. आम्ही पाठ केलेली यादी स्थिर न्यूक्लियसच्या गावची आहे असं सर म्हणाले, पूर्वी दुसऱ्या गावात गेलं की रेशन कार्ड चालायचं नाही तसं, हे त्यांचं वाक्य.

टेट्रान्यूट्रॉन (नुसत्या चार न्यूट्रॉनचा गठ्ठा) पण झाला, २०२२ चा, तोही रिकेनचाच. हेलियम-८ प्रोटॉनवर मारला, त्यातला अल्फा (हेलियम-४ चा न्यूक्लियस) प्रोटॉननं उडवला, मागं राहिले चार न्यूट्रॉन. त्यांना हातच लावायचा नाही, प्रोटॉन आणि अल्फाचं मोमेंटम मोजून बाकी काय उरलं त्याचा हिशोब, तिथं २.३७ एमईव्हीला रेझोनन्ससारखं शिखर दिसलं. हे बांधलेलं न्यूक्लियस नाही, क्षणभराची गाठ आहे, हे सरांनी दोनदा बजावलं कारण बातम्यांत "नवा अणू" वगैरे काहीही छापतात.

लेड-२०८ च्या न्यूट्रॉन स्किनवर (न्यूट्रॉन प्रोटॉनच्या बाहेर जेवढे पसरलेत तो थर) वर्गात भांडण झालं, चांगल्या अर्थानं. अमेरिकेत जेफरसन लॅबला उजव्या आणि डाव्या स्पिनचे इलेक्ट्रॉन मारून दोन्हीच्या स्कॅटरिंगमधला फरक मोजतात, दहा लाखात एकापेक्षाही कमी फरक असतो तो, आणि तो वीक फोर्समुळं येतो, आणि वीक फोर्सला मुख्यतः न्यूट्रॉन दिसतात. म्हणजे पहिल्या तासाला सरांनी टाकलेल्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळालं, इलेक्ट्रॉनलाच न्यूट्रॉन बघायला लावलं. लेडची स्किन आली ०.२८ फर्मी, जाड. कॅल्शियम-४८ ची आली ०.१२, पातळ. दोन्ही एकाच मॉडेलमध्ये बसवताना लोकांची दमछाक होतीये. एक मुलगा म्हणे मग एक एक्सपेरिमेंट चुकीचा, दुसरी म्हणे थिअरी चुकीची, सर म्हणाले एरर बार (मोजमापातली अनिश्चितता) बघा आधी, लेडचा ०.०७ आहे, एवढ्यावर कुणाला फाशी देताय. स्किन जाड असेल तर न्यूट्रॉन स्टारची त्रिज्या मोठी येते हे पण सांगितलं, फळ्यावर फर्मी आणि किलोमीटर शेजारी शेजारी लिहून.

आणि अस्थिर न्यूक्लियसवर इलेक्ट्रॉन मारायचं काम? टारगेट बनत नाही म्हणून ते इतकी वर्षं अडून होतं. रिकेनमध्ये त्यांनी आयन इलेक्ट्रॉन बीमच्याच ओढीनं अडकवून ठेवायची युक्ती काढली आणि २०२३ मध्ये सिझियम-१३७ वर करून दाखवलं. आता सिझियम-१३७ चं हाफ लाइफ ३० वर्षं, त्यात विचित्र असं काही नाही, पण मशीनमध्येच तयार करून लगेच त्याच्यावर इलेक्ट्रॉन स्कॅटर करणं जमलं हे महत्त्वाचं. हॉफस्टॅटरचं काम लिथियम-११ पर्यंत न्यायला अजून किती लागेल विचारलं तर सर म्हणाले, "तुमच्यातलं कुणीतरी गेलं तर लवकर होईल." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला विचाराल तर तिथं जायला काय करावं लागतं, कलकत्त्याचं व्हीईसीसी, दिल्लीचं आययूएसी, मुंबईचं टीआयएफआर, या संशोधन संस्थांत प्रोजेक्टला अर्ज कसा करायचा, हे त्यांनी एक तास काढून सांगायला पाहिजे होतं. एमएस्सीच्या पोरांना ते कोण सांगणार?

फी बाकीच्या सेट क्लासच्या निम्म्याहून कमी आहे, पावती मिळते, मधेच सोडलं तर परत मिळत नाही. मुलींनी एकटीनं जायला काही हरकत नाही, खाली घरमालकीण काकू असतात, गाडी त्यांच्या गेटसमोर लावली तर मात्र ओरडतात. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे असं ऐकलंय. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर न्या, मोबाइल काढू देत नाहीत. जाण्याआधी क्वांटममधलं स्कॅटरिंगचं प्रकरण एकदा घरी करून जा, निदान बॉर्न अप्रॉक्सिमेशन आणि फेज शिफ्ट, म्हणजे तो ग्लाउबरचा अर्धा तास वाया जाणार नाही. आणि नोट्सच्या झेरॉक्ससाठी मला मेसेज करू नका, सरांना विचारल्याशिवाय मी देणार नाही, शिवाय तो सिग्मा आहे का सहा ते मलाही अजून कळलेलं नाही.